दोऱ्याचं टोक

९ जानेवारी

मामा,

तुमचा फोन वाजतो, वाजून थकतो आणि गप्प होतो. शेवटी कागद घेतला. तुम्ही म्हणालच, फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागदावरचं राहतं. मग घ्या कागद.

नोकरी लागली. शिंप्याचं दुकान आहे, पण टपरी नव्हे. खाली गिऱ्हाईक, वरच्या मजल्यावर काम. वर एक लांबच लांब टेबल. एका टोकाला मास्तर कापड बेततात, मध्ये मशीनं, आणि खिडकीच्या बाजूला आम्ही हातशिलाईवाल्या. दुकान मास्तरांचंच आहे. कोटाचं अस्तर हातानंच लावायचं हा त्यांचा हट्ट. मशीननं लावलेलं अस्तर म्हणे घालणाऱ्याशी भांडतं. माझ्या शेजारी काजकाकू बसतात. आयुष्यभर काजं करून त्यांचं मूळ नाव सगळे विसरले, आता त्यांनाही ते आठवून सांगावं लागतं. पलीकडे इस्त्रीवाला. तो दिवसभर वाफेत असतो आणि दिवसभर कुरकुरतो.

काकूंची नजर अधू झालीय, मास्तरांची त्याहून. माझी अजून शाबूत आहे. आल्या आल्या एकदा काकूंना सुई ओवून दिली आणि तेव्हापासून साऱ्या मजल्याच्या सुया माझ्याकडे यायला लागल्या. दोरा ओठांत धरायचा, जिभेनं टोक चपटं करायचं, की एका झटक्यात नेढ्यातून पार. पाण्यात बुडवून पाहिलंय मी. पाण्यानं टोक फुगतं आणि नेढ्याशी अडून बसतं. ओठच लागतात. मास्तर तर बोलतही नाहीत, नजर कापडावर ठेवूनच सुई माझ्या दिशेनं धरतात. मामा, न बघता कुणी आपल्यापुढे हात करावा, यासारखं सुख नाही हो. गेल्या दोन वर्षांत माझ्यावर इतकं कुणी विसंबलं नव्हतं.

गोळी वेळेवर घेते. बटणांच्या एका डबीत ठेवलीय. काकूंच्या जेवणाच्या डब्याचं झाकण भलतं घट्ट बसतं, त्या ते टेबलाच्या कडेवर आपटून उघडतात. तो आवाज झाला की माझी गोळी. घड्याळ चुकेल, काकूंची भूक चुकत नाही. त्यांना वाटतं मी रक्तवाढीचं काहीतरी घेते. मी वाटू दिलंय.

इथे कुणाला माहीत नाही. जगात फक्त तुम्हाला आणि डॉक्टरांना. तसंच राहू दे. मला ही खुर्ची सोडायची नाही.

तुमची टाचणी

१८ जानेवारी

टाचणे,

लहानपणी तू इतकी किडकिडीत आणि इतकी टोचरी होतीस की मी तुझं हे नाव ठेवलं. तू शिंप्याकडे जाऊन ते खरं करशील हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर नाव ‘कलेक्टर’ ठेवलं असतं.

आता ऐक. औषध चालू, काम चालू, दोन्हींबद्दल शाबासकी. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला रुतली. ‘वाटू दिलंय.’ का वाटू दिलंस? एचआयव्ही हा एक विषाणू आहे. त्याला डोळे नाहीत, नीती नाही, तो कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावायला निघालेला न्यायाधीश नाही. मधुमेहाच्या माणसाला कुणी विचारत नाही की ही साखर कुठून आणलीस. तुला का विचारावं? आणि विचारलं तर तू मान खाली का घालावीस? मी आयुष्यभर कामगारांच्या सभा घेतल्या आणि जमेल तितकं वाचलं. त्या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. माणसाला कामावरून हाकलायचं असतं तेव्हा मालक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतो. आणि कामगार जितकं लपवतो तितका तो एकटा पडतो, आणि एकट्याला हाकलणं सोपं असतं. म्हणून सांग. ताठ उभी राहून सांग. तुझं रक्त तुझं आहे, ते काही चोरीचा माल नाही.

खिडकीची जागा सोडू नकोस. कापडाच्या धुळीत नाकाला फडकं बांधत जा. डबा स्वतःचा ने आणि पुरा खा.

माझं ठीक. शेजारच्या बाईंना बोलवायला दाराशी पितळी घंटी टांगून घेतली आहे. वाजवली की त्या चहा घेऊन येतात. म्हातारपणाचे लाड.

मामा

२६ फेब्रुवारी

भोंगामामा,

घंटी? तुम्हाला? तुमच्या एका हाकेनं चौकातली कबुतरं उडायची. आई सांगायची, तुम्ही पाळण्यात रडलात तेव्हा गिरणीचे कामगार पाळी सुटली समजून घरी निघाले. त्या माणसाला चहासाठी घंटी लागते? बाईंना दुरून बोलवायचं नसेल, जवळून बोलवायचं असेल. मी काही म्हणत नाही.

सांगायचं म्हणता, ते मी नाही करणार. तुम्हाला सभा दिसते, मला टेबल दिसतं. तुमच्यापुढे हजार माणसं असायची, त्यातली दहा उठून गेली तरी नऊशे नव्वद उरायची. मशीनवाले येतात-जातात, माझी म्हणावी अशी मोजून तिघं आहेत. शिवाय माझं काम ओठांचं आहे. लोकांना हाताचं कसंबसं समजावता येईल, ओठांचं कोण समजून घेईल?

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. त्यामुळे कोट बाजूला, आणि सगळे हातातलं टाकून निळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात. उशिरापर्यंत थांबावं लागतं. ते कापड इतकं भुरभुरतं की संध्याकाळी नाक शिंकरलं तर निळं निघतं. मला खोकला लागलाय. आणि खरं सांगते, रागावू नका. या गडबडीत काकू सुटीवर होत्या, डबा वाजला नाही, आणि माझ्या काही गोळ्या राहून गेल्या.

टाचणी

३ मार्च

टाचणे,

रागावलो आहे.

गणवेश उद्याही शिवले जातील. जगातलं कुठलंही कापड असं नाही की ज्यासाठी तू ती गोळी चुकवावीस. ज्या विषाणूला तू रोज दाराबाहेर उभा ठेवतेस त्याला आपण होऊन आत घेतेस, आणि तेही दुसऱ्यांच्या पोरांच्या चड्ड्यांसाठी. उशिरा थांबायला नाही म्हण. कारण द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण नाही म्हण. ‘नाही’ हा संपूर्ण शब्द आहे, त्याला अस्तर लागत नाही.

आणि खोकला घेऊन घरात बसू नकोस. तुझ्या बाबतीत खोकला म्हणजे आधी तपासायची गोष्ट. पत्र मिळेल त्या दिवशी दवाखान्यात जा.

बाईंबद्दलचा विनोद वाचला. बाई माझ्याहून थोरल्या आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं. जोडी जमली म्हणायची.

मामा

१२ मार्च

मामा,

गेले होते. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय नाही, धुळीचा खोकला आहे. तुम्ही म्हणालात तसं नाकाला फडकं बांधते. इस्त्रीवाला म्हणाला, बँक लुटायला निघालीस का, मला पण घे. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं, विषाणू अजूनही मोजणीत सापडण्याइतका नाही, पण असं परत करायचं नाही. झोप, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, आणि खोकला-ताप अंगावर काढायचा नाही. एवढं केलंस तर निवृत्त होईपर्यंत अस्तरं लावशील, म्हणाले. मी विचारलं, टेबलावर बाकीच्यांचं काय? ते म्हणाले, टेबलावर बसून, सुया ओवून, एका पेल्यातून पाणी पिऊन हे कुणाला होत नाही. मी म्हटलं, तुम्ही हे आमच्या टेबलावर येऊन सांगाल का? ते हसले. मीही हसले. दोघांनाही माहीत होतं की ते येणार नाहीत.

मास्तरांना सांगितलं, उशिरा थांबणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. पण त्या दिवशी सुई पुढे करताना पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

फोन उचला ना एकदा. तुमचा आवाज ऐकून किती दिवस झाले.

टाचणी

२ एप्रिल

मामा,

तुमचं उत्तर यायच्या आत लिहिते, कारण लिहिलं नाही तर वेड लागेल.

सगळ्यांना कळलं. मी सांगितलं नाही, माझ्या हातानं सांगितलं.

लाकडी पुतळ्यावर कोटाची बाही टाचत होते. तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे टाचण्या ओठांत धरायची सवय असते. दोन्ही हात कापडावर, मग टाचण्या ठेवायच्या कुठे? सगळे तसंच करतात. एक टाचणी माझ्या बोटात खोल गेली. काढली, टेबलावर ठेवली, बोट चिंधीत दाबलं. रोजचंच. तेवढ्यात काकू दुसरी बाही टाचायला आल्या, टेबलावरच्या टाचण्या गोळा केल्या आणि ओठांत धरल्या. त्यांतच ती.

डॉक्टरांचं सगळं मला पाठ आहे. तरी माझा हात उठला आणि मी काकूंच्या तोंडावर झडप घातली. टाचण्या खाली सांडल्या, एक त्यांच्या ओठाला ओरखडून गेली. मी ओरडत होते, “थुंका, काकू, आधी थुंका.”

मशीनं थांबली. काकू ओठ पुसत माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “काय होतं त्या टाचणीला?”

त्या वेळी काहीही म्हणता आलं असतं. गंजलेली होती, जमिनीवर पडलेली होती. पण त्यांच्या ओठावर लाल रेघ दिसत होती आणि ती मी काढलेली होती. म्हणून म्हटलं, “टाचणीला नाही. मला. एचआयव्ही आहे मला.”

वाफेचा तेवढा आवाज येत होता. मग मास्तर म्हणाले, “काकू, जाऊन डॉक्टरांना दाखवून या. आणि तू घरी जा आज.”

काकूंना मी माझ्याच दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की एवढ्यानं काही होण्यासारखं नव्हतंच. टाचणीनं काही केलं नसतं, मामा. जे केलं ते माझ्या भीतीनं केलं.

टाचणी

११ एप्रिल

टाचणे, माझ्या वाघिणी,

पत्र तीनदा वाचलं आणि उठून उभा राहिलो. एकट्याच्या खोलीत, कुणी बघत नसताना, उभा राहिलो. अखेर बोललीस. भर कामाच्या जागी, सगळ्यांसमोर, आडपडदा न ठेवता. ज्या वाक्याला माणसं आयुष्यभर घाबरतात ते तू टेबलावर ठेवलंस. आता बघ, हवा कशी बदलते ती. अंधारात ठेवलेल्या गोष्टीचीच भुतं होतात, उजेडात आणलेल्या गोष्टीशी माणूस बोलायला शिकतो. तू एका दिवसात त्या मजल्यावर जे केलंस ते मी शंभर सभांत करू शकलो नसतो. आता मागे हटू नकोस. मास्तरांना सांग, डॉक्टरांना बोलवा, सगळ्यांना एकत्र बसवा. ही सुरुवात आहे. मला तुझा अभिमान वाटतो.

मामा

२३ एप्रिल

मामा,

अभिमान परत पाठवते आहे. मला नको.

मी बोलले नाही. माझ्या तोंडून सांडलं. तुम्हाला दोन्ही सारखंच ऐकू येतं, कारण तुम्ही नेहमी व्यासपीठावरून ऐकलंत. हवा कशी बदलली ते सांगू? कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. भांडले असते तर मी पण भांडले असते. इस्त्रीवाला आता कुरकुरत नाही, मला ‘अहो’ म्हणतो. माझी खुर्ची तिथेच आहे, काकूंची थोडी सरकलीय. खिडकीतून ऊन येतं म्हणाल्या. खिडकी इतकी वर्षं तिथेच होती.

आणि मास्तर बाजारातून दोरा ओवायच्या तारा घेऊन आले. पत्र्याचा चपटा तुकडा असतो, त्याला केसासारख्या तारेचा फासा. तो फासा नेढ्यातून घालायचा, दोरा अडकवायचा, ओढायचा. प्रत्येकाच्या जागेवर एकेक ठेवली. माझ्यापुढेसुद्धा ठेवली, मामा. मला वगळलं असं वाटू नये म्हणून. मी त्या तारेकडे बघत बसले आणि दिवसभर माझ्याकडे एकही सुई आली नाही.

काल मास्तरांनी बाजूला बोलावलं. म्हणाले, तब्येत महत्त्वाची, इथे धूळ आहे, दगदग आहे, तू घरी बसून अस्तरं लाव, कापड पोचवायची व्यवस्था करतो, मजुरी तीच. फार मऊ आवाजात बोलले. मला ‘नाही’ म्हणता आलं नाही. तुमचा तो संपूर्ण शब्द घशातच राहिला.

एक मागते. लहानपणी फी थकली म्हणून मला शाळेतून काढत होते तेव्हा तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलात आणि आत काय बोललात ते बाहेरच्या मैदानापर्यंत ऐकू आलं. मी वर्गात परत गेले. तसे या. एकदाच या आणि मास्तरांशी बोला. मी त्यांना महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय.

टाचणी

९ मे

मामा,

महिना संपला. तुमचं पत्र नाही, तुम्हीही नाही. फोनही केला, वाजून बंद झाला. मला ‘सांग, सांग’ म्हणणारा माणूस स्वतः एक फोन उचलत नाही.

कापडं घरी आली. पलंगावर अस्तरं पसरलीत, म्हणून मी खाली झोपते.

घरी तब्येत सांभाळली जाईल असं सगळ्यांना वाटतं. इथे सकाळी सुई धरली की मान वर होते तेव्हा दिवस कललेला असतो. जेवण राहतं. कुणाचं झाकण वाजत नाही. घड्याळाला गजर लावलाय, पण गजर बंद केला की परत एकटीच. गोळी घेते, हट्टानं घेते, पण ती आता औषधासारखी लागते. तिथे ती जेवणातलीच एक गोष्ट होती. खोलीत दोरा ओवते, तो एकाच सुईत. काल दुपारी शिंक आली आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून या खोलीत झालेला हा पहिला आवाज.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. सवय होतेय.

टाचणी

१७ मे

टाचणे,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. म्हणून उशीर.

माझा आवाज गेला आहे.

घसा बसला असं नव्हे. घशात गाठ निघाली होती, कर्करोगाची. गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यातून श्वास येतो-जातो. शब्द येत नाही. गाठ पुन्हा नाही, जगेन. फोन वाजतो तेव्हा मी त्याच्यासमोर बसलेला असतो, टाचणे. तुझा नंबर दिसतो. उचलून काय ऐकवू, फुंकर? त्या वेळी तू स्वतःच्या आजारातून नुकती उभी राहत होतीस, तुझ्यावर आणखी ओझं नको म्हणून सांगितलं नाही. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे की भोंगामामा म्हणून तुला जगात कुणीतरी असावं असं मला वाटत होतं. तुला नाही, मलाच तो हवा होता.

तू ‘या’ म्हणालीस. मी कपडे भरले. मग आरशात बघून तोंड हलवून पाहिलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलेला तो माणूस कुठून आणू? पिशवी रिकामी केली.

आणि आता जे लिहितो ते भाषण समजू नकोस. संघटनेतून मला कुणी हाकललं नाही. सगळे भेटायला आले. म्हणाले, आता आराम करा, घरी बसून आमच्यासाठी लेख लिहा, माणूस येऊन घेऊन जाईल. टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून मला घरी बसवलं. मीही बसलो, कारण ते मऊ आवाजात बोलत होते. तेव्हापासून मी लिहितो, माणूस येऊन घेऊन जातो, आणि दिवसाकाठी मी ऐकतो तो स्वतः वाजवलेल्या घंटीचा आवाज. सभागृहात माझी पुढच्या रांगेतली खुर्ची अजून आहे म्हणे. कुणी बसत नाही तिच्यावर. मीही नाही.

म्हणून तुला सांगतो ते अनुभवानं सांगतो. अन्यायाला मी आयुष्यभर ओळखत आलो, कारण तो ओरडत यायचा. हा दुसरा प्रकार मला ओळखता आला नाही. तो हळू बोलतो, तब्येतीची काळजी करतो, मजुरी तीच देतो, आणि माणसाला माणसांतून अलगद उसवून काढतो. धागा तुटल्याचा आवाजही येत नाही. टाचणे, तुझ्या रक्तातला विषाणू एका गोळीनं आवरतो. याला गोळी नाही. याला खुर्चीवर जाऊन बसणं एवढाच उपाय आहे.

मी तुझ्यासाठी बोलू शकत नाही. शकलो असतो तरी आता बोललो नसतो. ज्या दिवशी मी मुख्याध्यापकांशी बोललो त्या दिवशी तू बाहेर उभी होतीस. आता आत तूच आहेस.

मामा

४ जून

मामा,

तुमचं पत्र अस्तरांवर ठेवून बराच वेळ बसले. मग रडले. मग तुमच्यावर चिडले. मी सगळं सांगितलं, आणि तुम्ही घंटी टांगून बसलात. फोन वाजला की यापुढे उचलायचा आणि दोन टिचक्या मारायच्या. बोलेन मी. माझ्याकडे बोलण्यासारखं खूप साठलंय.

दुसऱ्या सकाळी सगळी अस्तरं गाठोड्यात बांधली आणि दुकानाचा जिना चढले. मास्तर म्हणाले, माणूस पाठवला असता, तू कशाला उचललंस. मी गाठोडं टेबलावर ठेवलं. तुमच्यासारखं काही जमलं नाही. म्हटलं, “मास्तर, मी घरी बसणार नाही. धुळीला फडकं आहे, तब्येतीला औषध आहे. पण घरी माझं जेवण होत नाही. मला इथे बसूनच काम करायचंय.”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. गिऱ्हाइकाला कळलं तर, म्हणाले. मी म्हटलं, कळलं तर डॉक्टरांचा पत्ता द्या. त्यांनी गाठोडं सोडून एक अस्तर उलटून बघितलं. मग म्हणाले, “खुर्ची काही मी उचलली नव्हती.” आणि पुन्हा खडू घेतला. एवढंच. होकार होता की कंटाळा, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून रोज जाते. खोटं लिहिणार नाही, पहिले दिवस खोलीपेक्षा वाईट गेले. खोलीत एकटं असणं वेगळं, आणि तिघांच्या हाताच्या अंतरावर एकटं असणं वेगळं. काकू सरकलेल्या खुर्चीतच बसायच्या. पण झाकण टेबलाच्या कडेवर आपटायच्या, आणि मी गोळी घ्यायचे. आता सगळ्यांसमोर घेते. इस्त्रीवाला एकदा बघत राहिला आणि म्हणाला, एवढीशीच? मी म्हटलं, एवढीशीच. तो म्हणाला, माझी पित्ताची याहून मोठी आहे. आणि दिवसभर कुरकुरत राहिला. मला बरं वाटलं.

आता परवाचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले.

त्या तारा फार टिकत नाहीत. केसाएवढी तार, दोन-चारदा जोरात ओढली की पत्र्यातून निसटते. मास्तरांची तुटली, मग इस्त्रीवाल्यानं बटण लावताना त्याची तोडली. परवा काकूंची तुटली. माझी तशीच कोरी होती. मी ती टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी घेतली नाही. काळ्या कोटाचं काज होतं, काळाच दोरा. त्या सुई उजेडाकडे धरून प्रयत्न करत होत्या. टोक नेढ्याच्या या बाजूनं जायचं, त्या बाजूनं जायचं. मी मागितली नाही. त्यांनी दिली नाही. मी अस्तराकडे बघत टाके घालत होते आणि एकही टाका सरळ पडत नव्हता.

मग त्यांनी सुई टेबलावर ठेवली आणि एका बोटानं माझ्या बाजूला ढकलली. बरोबर दोराही. माझ्याकडे बघितलं नाही, डोळे मिटून बोटांनी चोळत बसल्या.

मामा, मी काय केलं सांगू? मी घाबरले. त्यांच्या ओठावरची ती लाल रेघ मला परत दिसली. माझ्या पिण्याच्या पाण्याचा पेला शेजारी होता. मी दोऱ्याचं टोक त्यात बुडवलं आणि सुईजवळ नेलं. टोक फुगलं आणि नेढ्याशी अडलं. परत बुडवलं. परत अडलं. मास्तरांची कात्री थांबली होती, बघत होते का माहीत नाही, मी मान वर केली नाही.

तुम्ही या रविवारी सभागृहात जा. पुढच्या रांगेतल्या त्या खुर्चीवर जाऊन नुसते बसा. लोक पाण्याचा पेला आणून देतील, तब्येत विचारतील, मऊ बोलतील. बसून राहा. किती वेळ बसावं लागेल मला माहीत नाही, कारण मला त्या वेळी वाटलं होतं की आता उठून जावं आणि परत कधी येऊ नये.

तेव्हा काकूंनी डोळे उघडले. पेल्याकडे बघितलं, माझ्या बोटांतल्या ओल्या दोऱ्याकडे बघितलं. कात्री उचलली आणि भिजलेलं टोक कापून टाकलं. मग दोरा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “पाण्यानं फुगतं ते. नेहमीसारखं ओव.”

तुमची टाचणी